मागच्या फळीवरचे लिंबाचे बार

तारीखमास्तरांच्या घरात ताजा पाव कधी कुणी खाल्ला नाही. पाव रोज यायचा, ताजाच यायचा, पण घरात कालचा शिल्लक असायचा आणि मास्तरांच्या कायद्याप्रमाणे आधी तो संपवायचा. तो संपेपर्यंत आजचा शिळा झालेला असायचा. उद्या परत तेच. एकदा त्यांच्या मेहुणीने समजावून बघितलं, "भावोजी, एक दिवस कालचा पाव पाखरांना टाका, म्हणजे जन्मभर ताजा खाल." मास्तरांनी तिच्याकडे असं बघितलं, की जणू ती बिचारी घर पेटवून द्या म्हणाली होती. त्यांची बायको मात्र शिवणाच्या मशीनवर मान खाली घालून हसत होती. तिला शिळ्या पावाची सवय झाली होती आणि नवऱ्याचीही.

हा मास्तरांचा धंदा होता, आणि एवढी वर्षं केलेला धंदा माणसाचा स्वभाव होऊन बसतो. खाण्याच्या मालाच्या एका मोठ्या गोदामात ते स्टोअरकीपर होते. डबे, बाटल्या, बिस्किटं, दुधाची पावडर, जे येईल ते मांडणीवर मागून लावायचं आणि पुढून काढायचं. जुना माल पुढे, नवा मागे. ऐकायला सोपं आहे. पण हमाल दमलेला असतो, खोकं जड असतं, मागे जायला धड वाट नसते. तो आपला नवा माल पुढेच ठेवून मोकळा होतो. मग जुना मागे अडकतो, आणि एक दिवस खोकीच्या खोकी फेकून द्यावी लागतात. मास्तर अशी मांडणी लांबून ओळखायचे. नुसता आरडाओरडा करून थांबायचे नाहीत. अख्खी मांडणी खाली उतरवायला लावायचे आणि बाह्या सारून स्वतः मदतीला उभे राहायचे. हमाल त्यांना शिव्या द्यायचे आणि मानायचेही. तारीखमास्तर हे नाव त्यांनीच ठेवलं. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी मास्तरांना भिंतीवरचं कॅलेंडर भेट दिलं, तेही गेल्या वर्षीचं. सगळे पोट धरून हसले, मास्तरही हसले, आणि घरी आल्यावर त्याच्या कोऱ्या पाठीवर सामानाची यादी लिहायला लागले.

बायको कपड्यांच्या एका दुकानासाठी घरबसल्या दुरुस्तीची कामं करायची. कुणाच्या पँटची उंची कमी कर, कुणाच्या कोटाचं अस्तर बदल, कुणाची चेन बसव. तिच्या हातची शिवण अशी, की दुरुस्ती कुठे केली ते गिऱ्हाइकाला शोधून सापडायचं नाही. मूलबाळ नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत मशीनचा आवाज आणि मास्तरांचे कायदे असा त्यांचा संसार. वाईट चाललं होतं असं कुणी म्हणू नये.

मग गेल्या थंडीत तिच्या पोटात गाठ निघाली.

गाठ अशा जागी होती की चाकू लावता येत नव्हता. राहिलं ते औषध, दर तीन आठवड्यांनी हॉस्पिटलात जाऊन शिरेतून थेंब थेंब घ्यायचं. डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण बोलायला सरळ. त्यांनी मास्तरांना समोर बसवून सांगितलं, "हे औषध गाठीलाही मारतं आणि माणसालाही झोडपतं. अंगात बळ असलं तरच सोसतं. दर वेळी आधी मी वजन बघणार. ह्या आकड्याच्या खाली गेल्या तर औषध नाही. दिलं तर फायद्यापेक्षा नुकसान जास्त." बायकोचं वजन तेव्हा त्या आकड्याच्या जेमतेम वर होतं.

मास्तरांना गाठ कळत नव्हती. रिपोर्टातले शब्द कळत नव्हते. पण वजन कळत होतं. आयुष्यभर त्यांनी खोकी उचलली होती, हातात घेतली की आत माल पुरता आहे की कमी हे ते न बघता सांगायचे. आता ह्या भयंकर गोष्टीत एक तरी वस्तू त्यांच्या ओळखीची निघाली. बायकोला त्या आकड्याच्या वर ठेवायचं, बस्स. वर राहिली तर औषध मिळेल, औषध मिळालं तर ती राहील. इतकं सरळ त्यांनी मनाशी मांडून टाकलं, आणि त्यानंतर दुसरं काही ऐकून घेतलं नाही.

बायकोची भूक मात्र मेलेली. मास्तर सूप करायचे, अंडं उकडायचे, बटाटा कुस्करून त्यात लोणी घालायचे. ती दोन चमचे खाऊन "झालं" म्हणायची. हॉस्पिटलातल्या आहाराच्या बाई म्हणाल्या, प्रोटीन वाढवा. मास्तरांनी औषधांच्या दुकानातून पावडरीचा डबा आणला, किंमत दोनदा वाचली, तरी आणला. दुधात कालवून दिली तर तिने पहिल्या घोटाला ओकारी काढली. डबा तसाच राहिला.

तेव्हा मेहुणीने तो फोनवरचा बाजार दाखवला. तारीख जवळ आलेला माल तिथे निम्म्याहून कमी किमतीत मिळायचा. प्रोटीनचे बार, प्रोटीनची बिस्किटं, प्रोटीनच्या कुरकुरीत चकत्या. व्यायामशाळेतली पोरं खातात ते सगळं. प्रत्येक वस्तूखाली लाल अक्षरांत तारीख.

"घ्यायचं असेल तर घ्या भावोजी, पण तारीख जवळची आहे हो," मेहुणी म्हणाली.

झालं, मास्तरांना तोंड फुटलं. "अगं, ही तारीख म्हणजे काय ते तुला माहीत आहे का? ह्या तारखेपर्यंत माल उत्तम राहतो, एवढाच तिचा अर्थ. तारीख उलटली म्हणजे माल मेला असं नाही. जरा चव उतरते, जरा मऊचा कडक होतो. लोक घाबरून टाकून देतात. डोळ्यांदेखत ट्रकच्या ट्रक गेलेत माझ्या."

"बरं बरं, मागवा," मेहुणी म्हणाली. "माझं डोकं नका खाऊ, बार खा."

कितीतरी दिवसांनी त्या खोलीत तिघंही हसली. मास्तरांनी चष्मा पुसून घेतला आणि तिथल्या तिथे एक मिश्र खोकं मागवलं. चॉकलेट, कॉफी, शेंगदाणा आणि लिंबू, असे चार प्रकारचे बार.

खोकं आलं त्या दिवशी त्यांनी बायकोला पलंगावर उशी लावून बसवलं आणि चारही प्रकारांचा एकेक तुकडा बशीत ठेवला. बारांना ती वड्याच म्हणायची. चॉकलेटची वडी तिने चावली आणि चेहरा असा केला की मास्तरांनी थुंकायला हात पुढे केला. "साबणाची वडी चावल्यासारखं वाटतं हो," ती म्हणाली. कॉफीचा तुकडा तिने हुंगूनच बाजूला सारला. शेंगदाण्याचा तोंडात बराच वेळ घोळवला आणि पाण्याबरोबर ढकलला. मग लिंबाचा. तो तिने खाल्ला, गिळला, आणि बोटाला लागलेला चुरा चाटला. मास्तरांनी उरलेला बार पुढे केला, तोही ती हळूहळू खाऊन गेली. "हा चांगला आहे," ती म्हणाली. "आंबट आहे ना, जिभेला कळतो तरी."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. त्या आनंदात त्यांनी लगेच लिंबाचं एक अख्खं खोकं मागवलं.

आणि इथेच घोळ झाला. दुसऱ्या कुणाकडून झाला नसता. तुम्ही-आम्ही काय केलं असतं? बायकोला लिंबाचा आवडला, तर लिंबाचा दिला असता. त्यात विचार करण्यासारखं आहे काय? पण मास्तरांनी खोकं उघडलं, बार हातात घेतला, आणि जन्माची खोड, आधी तारीख बघितली. लिंबाच्या बारांची तारीख लांबची होती. चॉकलेटची अगदी तोंडावर आली होती, कॉफीची तिच्या मागोमाग. त्यांनी पलंगाजवळचं कपाट रिकामं केलं आणि माल लावला. पुढे चॉकलेट, मग कॉफी, मग शेंगदाणा. लिंबू सगळ्यात मागच्या फळीवर. हे आधी संपलं की मग लिंबूच लिंबू, तोवर तिची भूकही सुधारलेली असेल, असं त्यांचं गणित. तिला चांगलं मिळू नये असं त्यांच्या मनात नव्हतं हो. चांगलं ते त्यांनी पुढच्यासाठी राखून ठेवलं होतं. पुढचे दिवस येणारच आहेत, असं धरून चाललेला माणूस तो.

रोज सकाळी एक आणि दुपारी एक असा बार ते तिच्या उशाशी ठेवायचे. पहिल्या-पहिल्यांदा समोर बसून राहायचे. मग तीच म्हणाली, "तुम्ही असे बघत बसलात की घास उतरत नाही. तुम्ही जा तुमच्या कामाला, मी खाते." त्यांना ते पटलं. ते बार ठेवून खाली फिरायला जायचे, औषधं आणायचे, परत आल्यावर विचारायचे, "खाल्लास?" ती मान हलवायची. बारांचे रिकामे कागद कुठे जातात ते त्यांनी कधी बघितलं नाही. कचऱ्याची पिशवी बांधून दाराबाहेर ठेवायची हे काम तिचं. सगळी कामं सुटली तरी तेवढं तिने सोडलं नव्हतं.

एकदा तिने विचारलं, "अहो, त्या लिंबाच्या वड्या आहेत ना अजून?"

"आहेत की! भरपूर आहेत. त्यांना अजून वेळ आहे. आधी ह्या संपव, मग त्याच."

"बरं," ती म्हणाली.

पण त्या संपायच्या कशा? तिकडे फोनवरच्या बाजारात रोज नवा माल. 'शेवटचे काही नग', 'आज संध्याकाळपर्यंत', असं लाल अक्षरांत आलं की मास्तरांना राहवायचं नाही. ह्या वयात त्यांना हे एक वेड लागलं. सकाळी उठल्याबरोबर चष्मा लावून ते बाजार चाळायचे. चॉकलेट पुन्हा स्वस्त झालं, घ्या. कॉफीच्या एकावर एक फुकट, घ्या. येणाऱ्या प्रत्येक खोक्याची तारीख लिंबापेक्षा जवळची, म्हणून प्रत्येक खोकं लिंबाच्या पुढे. मागची फळी पुढे कधी आलीच नाही. गोदामात माल रोज बाहेर जायचा, म्हणून तिथे कायदा चालला. इथे खाणारं एकच तोंड होतं आणि तेही मिटलेलं, हे मास्तरांच्या ध्यानात यायला हवं होतं. नाही आलं.

औषधाची पहिली फेरी तिने काढली. दुसऱ्या फेरीच्या आधीच्या आठवड्यात मास्तर जिन्यावरून वर येत होते आणि त्यांना मशीनचा आवाज आला. ते जिन्यातच थांबले. किती दिवसांनी! दार उघडून बघतात तो ती मशीनवर बसलेली, समोर तिचा राखाडी कोट.

"काय करते आहेस?"

"अस्तर सुटलंय. म्हटलं बसल्या बसल्या घालावेत चार टाके."

मास्तर आत जाऊन नळ सोडून तोंड धूत राहिले, कारण त्यांचे डोळे भरून आले होते. बार लागू पडले असं त्यांना वाटलं. त्यांनी मेहुणीला फोन करून सांगितलं, "मशीनवर बसली आज! मी म्हणत नव्हतो?"

हॉस्पिटलात वजनाचा काटा एका लांबलचक बोळात होता आणि बोळात बारा महिने वारा. तिथली जुनी सिस्टर मायाळू. आजारी माणसांना कुडकुडत उभं करणं तिच्या जिवावर यायचं. "असू दे कोट अंगात," ती म्हणायची, "कोटाचं एक किलो मी वजा करते." दुसऱ्या फेरीला काटा आकड्याच्या वर थांबला. तिसऱ्या फेरीला तर पावभर वाढच दिसली. मास्तरांनी सिस्टरला म्हटलं, "प्रोटीन! रोज दोन बार!" आणि कुठून मागवतात, केवढ्याला पडतात, ते सगळं तिला ऐकवलं. बायको काट्यावरून हळूच उतरली आणि बाकावर जाऊन बसली.

पण औषध झाल्यावर घरी जे व्हायचं, ते ह्या वाढलेल्या वजनाशी जुळत नव्हतं. दुसऱ्या फेरीनंतर तिचं तोंड आतून सोलून निघालं. तिसऱ्या फेरीनंतर ती आठ-दहा दिवस उठलीच नाही. पाणी प्यायलं तरी उलटी. रात्रभर कण्हायची आणि मास्तर विचारायला गेले की गप्प व्हायची. मेहुणी येऊन बघून गेली. दारात चपला घालताना तिने मास्तरांना बाजूला घेतलं.

"भावोजी, ताईचे हात बघितलेत का? काड्या झाल्यात. आणि तुम्ही म्हणता वजन वाढलं."

"काटा खोटं बोलतो का?"

"मला काही माहीत नाही. पण तिला विचारा तरी एकदा, तिला हे सगळं हवंय का."

मास्तर चिडले. हवंय का म्हणजे काय? जगायला नको कुणाला? ते मेहुणीशी तोडून बोलले, आणि ती गेल्यावर कपाट उघडून बार पुन्हा नीट लावत बसले.

चौथ्या फेरीला जुनी सिस्टर रजेवर होती. तिच्या जागी एक नवी, उंच, कामाला चटपटीत.

"कोट काढा आजी."

"असू दे ना. थंडी आहे. त्या दुसऱ्या सिस्टर एक किलो वजा करतात."

"मी नाही करत. कोट काढूनच बघायचं असतं. दोन मिनिटांचं काम."

बायकोने कोटाची कॉलर मुठीत धरली. मास्तरांना वाटलं, गारठ्याला भिते आहे. "अगं, काढ ना, मी धरतो," म्हणत ते पुढे झाले आणि त्यांनीच एकेक बटण काढलं. ती दोन्ही हात खाली सोडून उभी राहिली. त्यांनी कोट तिच्या खांद्यांवरून उतरवला, आणि त्यांचा हात खाली गेला.

कोट एवढा जड नसतो. दुसऱ्या कुणाला चटकन कळलं नसतं, मास्तरांना कळलं. हातात घेतल्याबरोबर कळलं. त्यांनी अस्तरावरून हात फिरवला. आत खालपर्यंत सगळीकडे, कडेने, पाठीत, बगलेखाली, चपटे चपटे कठीण तुकडे होते. बाहेरून टाका दिसत नव्हता. तिच्याच हातची शिवण ती.

"काय आहे त्यात?" सिस्टरने विचारलं. तिने कात्री आणली आणि अस्तराची एक कड उसवली. त्यातून चॉकलेटचा बार निघाला, न उघडलेला. मग कॉफीचा. मग दोन चॉकलेटचे. सिस्टर काढत गेली आणि टेबलावर ढीग होत गेला.

काट्यावर बायको एकटीच उभी होती, पातळ झग्यात. काटा आकड्याच्या खूप खाली थांबला होता. सिस्टरने तो दोनदा बघितला आणि डॉक्टरीणबाईंना बोलवायला गेली.

त्या मधल्या वेळात मास्तरांनी जे केलं ते त्यांनी मुद्दाम केलं नाही. त्यांचे हात आपोआप ढिगाकडे गेले आणि बार तारखेप्रमाणे लावायला लागले. जुना पुढे, नवा मागे. लावता लावता त्यांच्या लक्षात आलं की पहिल्या मिश्र खोक्यातला माल सगळ्यात पुढे आहे. म्हणजे उशाशी ठेवलेलं तिने पहिल्यापासूनच काही खाल्लं नव्हतं. दुसऱ्या फेरीचं वजन ह्या बारांचं होतं. तिसऱ्या फेरीला झालेली पावभर वाढही बारांचीच. अंगावर मांस नसलेल्या बाईच्या शिरेत ते कडक औषध दोनदा गेलं होतं, आणि काट्यापुढे उभे राहून ते बढाया मारत होते. त्यांचे हात थांबले. बोळातल्या लोकांच्या देखत ते मोठ्याने रडले.

डॉक्टरीणबाईंनी दोघांना आत घेतलं. त्या रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "ह्या वजनाला मी दोन्ही वेळा औषध दिलं नसतं," त्या म्हणाल्या. "जे झालं ते झालं. आता मात्र थांबायचं. आता दुखू नये एवढं बघायचं."

"पण वजन वाढवलं तर? मी वाढवतो. आता मी समोर बसून खायला घालतो," मास्तर म्हणाले.

"नाही वाढणार हो आता. त्यांना जे हवं ते द्या. नको असेल तर नको."

"किती महिने..."

"महिने धरून चालू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी मास्तरांच्या हातावर हात ठेवला.

टॅक्सीत ती त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून डोळे मिटून होती. उसवलेला कोट तिच्या गुडघ्यांवर पसरलेला, आता हलका. जिना चढताना तीन ठिकाणी बसावं लागलं. तिला पलंगावर टेकवल्यावर मास्तरांनी कपाट उघडलं आणि पुढच्या फळ्यांवरचा माल दोन्ही हातांनी जमिनीवर लोटला. मागे लिंबाचं खोकं तसंच होतं, त्यातला एकही बार न काढलेलं. त्यांनी एक बार सोलला, नखाएवढा तुकडा मोडून तिच्या ओठांशी नेला.

"हा घे. तुला आवडतो तो. आता हेच खायचे, दुसरं काही नाही."

तिने तोंड उघडलं. तुकडा जिभेवर घेतला, थोडा वेळ तसाच ठेवला. मग उशीखालचा रुमाल ओढून त्यात काढून टाकला.

"चव लागत नाही," ती म्हणाली. "तोंड आलंय ना सगळं. तेव्हा लागायची."

मास्तर पलंगाच्या कडेवर बसले. शेवटी म्हणाले, "मी तुला तेव्हाच द्यायला हवा होता. रोज द्यायला हवा होता. तू मागितलासही. मी काय केलं हे?"

"लिंबाच्या खाल्ल्या असत्या थोड्या दिवस. मग त्याही नकोशा झाल्या असत्या," ती म्हणाली. "तुम्ही ते नका घेऊ मनाला."

"मग कोटात का भरलेस? नको होतं तर टाकून द्यायचेस. वजन कमी भरलं असतं, त्यांनी औषध बंद केलं असतं. एवढे हाल तरी..."

"मला बंदच करायचं होतं," ती म्हणाली. "पहिली फेरी झाली तेव्हाच वाटलं, पुरे. पुन्हा नको हे."

"मग?"

"तुम्ही सकाळी उठून चष्मा लावून शोधायचात. खोकं आलं की पोरासारखे खूश व्हायचात. मला म्हणायचात, बघ, आणखी दोन महिन्यांचा माल झाला. आता मी तुम्हाला कसं सांगणार, की मला नको? तुमचा चेहरा बघवला नसता. म्हटलं, तुमच्यासाठी काढू आणखी एक फेरी. मग आणखी एक."

इतकी वर्षं ते समजत होते की घरात सांभाळणारे ते आहेत. आजारपणातसुद्धा ती त्यांना सांभाळत होती, ते पोट घेऊन, सोललेल्या तोंडाने. आपण तिला वाचवतो आहोत ह्या त्यांच्या सुखासाठी तिने ते औषध दोनदा अंगात घेतलं. आणि मेहुणीने दारात उभं राहून विचारा म्हटलं होतं, तरी त्यांनी विचारलं नव्हतं.

"आता काय आणू तुला?" त्यांनी विचारलं.

"काही नका आणू. तुम्ही आणलं की मला खावं लागतं." मग त्यांचा चेहरा बघून ती म्हणाली, "पाणी द्या थोडं."

ते लगबगीने उठले. ग्लासात पाणी आणलं, तिच्या मानेखाली हात घालून तिला जरा उचललं. तिने दोन घोट घेतले आणि मान फिरवली. मास्तरांनी ग्लास खाली ठेवला, आणि ठेवताना त्यात पाणी किती उरलं ते बघितलं. त्यांनी बघितलेलं तिने बघितलं.

तिने हात पुढे केला, ग्लास परत मागून घेतला, डोळे घट्ट मिटले आणि त्यांच्यासाठी आणखी एक घोट घेतला.